शैलजाच्या अकरा वह्या

"ती चार शब्द बोलली आणि तुम्ही दीड मिनिट बोललात," ओडेलबाई म्हणाल्या. "मराठी इतकी आटोपशीर भाषा आहे का, मिस्टर मोहिले?"

मी चष्मा पुसायला घेतला. शैलजा म्हणाली होती, "मला तिथं नको वाटतं." मी त्याचं इंग्रजी करताना एक पिंजरा घातला होता, पिंजऱ्यात एक पक्षी घातला होता, आणि पक्ष्याला शेवटी गप्पही बसवलं होतं. माझ्या मते बरं जमलं होतं.

"भावार्थ तोच आहे," मी म्हणालो.

"भावार्थ मी काढीन. त्याचे मला पैसे मिळत नाहीत, पण सवय आहे. तुम्ही फक्त ती बोलते ते सांगा."

ओडेलबाई वकील होत्या. सहा फूट उंच, करड्या केसांच्या बारीक वेण्या, आणि टेबलावर कायम गाजराच्या कापांचा डबा. मिशिगनमध्ये माझी मुलगी केतकी राहते. आपल्याकडच्या ज्या बायकांना तिकडे नवऱ्याकडून मार खावा लागतो, त्यांच्यासाठी 'ओसरी' नावाची एक संस्था होती, तिथे केतकी शनिवारी जायची. संस्थेची मराठी दुभाषी बाळंतपणाला गेली, तेव्हा केतकी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर खिडकीतून खारी बघता. त्यापेक्षा चला." याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि चाळीस वर्षं विनोदी सदरं लिहून निवृत्त झालो होतो. खारींना माझे विनोद कळत नव्हते, म्हणून गेलो.

समोर शैलजा बिराजदार बसली होती. तिशीची, सोलापूरकडची, खुर्चीच्या कडेवर ताठ. पायाशी कापडी पिशवी. अठरा दिवसांपूर्वी चार वर्षांच्या गिरिजाला घेऊन ती घरातून निघाली होती आणि संस्थेच्या निवाऱ्यात राहत होती. नवरा गुरुनाथ मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने जवळ येऊ नये असा तात्पुरता हुकूम ओडेलबाईंनी कोर्टातून मिळवला होता. पुढच्या शुक्रवारी तो कायम व्हायचा होता, नाहीतर रद्द.

"रद्द झाला तर?" मी शैलजाच्या वतीने विचारलं. तिने विचारलंच नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावर होतं.

"तर मूल शुक्रवारपासूनच बापाकडे जायला लागेल. आणि मूल जाईल तिथे आईला जावं लागेल, हे मला तुम्ही सांगायला नको." ओडेलबाईंनी एक गाजर उचललं. "तिला सांगा, शुक्रवार जिंकला तर पुढची वाट आहे. नवऱ्याकडे इथे कायम राहायचं ग्रीन कार्ड आहे आणि हिच्या कार्डाचा अर्ज त्याच्या हातात आहे. पण छळ सिद्ध झाला की आमचा कायदा बायकोला स्वतःच्या नावाने अर्ज करू देतो. नवऱ्याची सही लागत नाही. त्याला कळवायचंही नसतं."

मी सांगितलं. एकही पक्षी न घालता.

"सही लागत नाही?" शैलजाने विचारलं.

"नाही."

"काका, नीट विचारा की. सहीच लागत नाही?"

"नाही, बाई, लागत नाही."

"पण पुरावा लागतो," ओडेलबाई म्हणाल्या. "फोटो?"

"नाहीत. फोन त्यांच्याकडंच असायचा."

"पोलिसांना कधी बोलावलं?"

"फोन त्यांच्याकडंच असायचा."

"शेजारी? कुणी ऐकलं असेल?"

"बर्फ असतो हो, काका. सगळ्यांच्या खिडक्या बंद."

ओडेलबाई माझ्याकडे वळल्या. "शुक्रवारी न्यायाधीशांसमोर दोन माणसं असतील. एक माणूस सभेत बोलावं तसं इंग्रजीत बोलेल. दुसरी चार शब्द बोलेल. मी काय मांडू?"

हे भाषांतर करण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून मी नुसताच खाली बघत बसलो. तेव्हा मला शैलजाचा हात दिसला. तो गुडघ्यावर होता आणि तर्जनी चालत होती. ओडेलबाई बोलल्या की चालायची, थांबल्या की थांबायची. मी ती तर्जनी ओळखली. माझीही लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अशीच चालली होती.

"स्पीड किती?" मी विचारलं.

तिचं बोट थबकलं. "मराठी एकशेवीस. इंग्रजी ऐंशी, लिहायला. बोलायला नाही येत."

"कुठे होतीस?"

"जिल्हा परिषदेत. सहा वर्षं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं." मग जरा भीतभीत, "तुम्ही?"

"मंत्रालयात. अकरा वर्षं. उपसचिवांकडे. साहेबांचं शब्दशः लिहून घेता घेता विनोदाकडे वळलो."

ती हसली. अठरा दिवसांत पहिल्यांदा हसली असं केतकीने नंतर सांगितलं.

"रेघांना स्वर देतेस, की नुसती व्यंजनं?"

"घाईत नाही देत. तुम्ही?"

"आमचे साहेब इतके सावकाश बोलायचे, की मी स्वर देऊन वर नक्षी काढायचो."

"काय चाललंय?" ओडेलबाईंनी विचारलं.

"आम्ही दोघं लघुलेखक आहोत," मी म्हणालो. "जुन्या ओळखी निघतात तसं चाललंय." मग शैलजाला सहज म्हणून विचारलं, "घरी कधी काही लिहिलंस का? त्याच्या बोलण्याचं?"

"लिहिलं की. तेच म्हणायचे ना, लिहून घे."

"कोण म्हणायचे?"

"हेच. शनिवारी सकाळी चहा झाला की सोफ्यावर बसायचे. म्हणायचे, वही घे, आठवड्याच्या चुका लिहून घे, स्टेनो आहेस ना? मग पुढच्या शनिवारी वाचून दाखवायच्या. ते बोलालते, मी लिहालते."

"फक्त चुका लिहायचीस?"

तिला प्रश्न कळला नाही. "डिक्टेशन चालू असताना मधलं गाळायचं कसं, काका? जे बोलतील ते लिहायचं."

"वाचून काय दाखवायचीस?"

"त्यांना चुकाच पाहिजे असायच्या. तेवढ्याच मी वाचायचे."

"आणि वह्या? कुठे आहेत?"

तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. "अकरा हायत."

मी आवाज खाली ठेवला. एरवी मला ते जमत नाही. "शैलजा, बाई तासभर पुरावा मागताहेत. आधी का नाही सांगितलंस?"

"साहेबांचं डिक्टेशन बाहेरच्यांना कसं दाखवायचं, तुम्हीच सांगा. मसुदा असतो तो. मंजूर झालेला नसतो."

"मग घर सोडताना बरोबर कशाला आणल्यास?"

"ऑफिस सोडताना वह्या जमा करायच्या असतात. पासपोर्ट घेतला, गिरिजाचे बूट घेतले, वह्या घेतल्या. पण जमा कुणाकडं करायच्या, ते काही कळेना."

मी ओडेलबाईंना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, तिच्या वाक्यांच्या लांबीत. ओडेलबाईंनी हातातलं गाजर डब्यात परत ठेवलं आणि टेबलावरचे सगळे कागद एका बाजूला सारले.

"माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे जमा करा."

शैलजाने पिशवीतून एकेक वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. पहिल्या वहीपासून क्रमाने. आणि पोच मागितली.

*

ओडेलबाईंची अट कडक होती. वह्यांच्या छायाप्रती मी घरी न्यायच्या, एकट्याने वाचायच्या, इंग्रजी करायचं, आणि तोवर शैलजाला भेटायचं नाही, फोनही नाही. "एक जरी शब्द तिला विचारलात, तर समोरचा वकील म्हणेल की तिने सांगितलं आणि तुम्ही लिहिलं."

दुसऱ्याचं लघुलेखन वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडातला घास ओळखण्यासारखं आहे. रेघ बारीक असली तर एक अक्षर, तीच जाड असली तर दुसरं. त्यात प्रत्येकाच्या स्वतःच्या लकबी. पहिल्या दिवशी केतकीच्या जेवणाच्या टेबलावर मी अर्ध्या पानाशी झटापट केली आणि निष्कर्ष काढला की गुरुनाथ बिराजदार बायकोला 'पाटबंधारे' म्हणाला. तिसऱ्या दिवशी तिचा हात मला कळू लागला. चौथ्या दिवशी मी तिच्या वेगाने वाचत होतो.

प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर तारीख, वेळ, ठिकाण. खाली: उपस्थित – गुरुनाथ बिराजदार, शैलजा बिराजदार, गिरिजा (झोपलेली). विषय – पोळ्या.

आणि मग तो बोलत असे.

"तीन सांगितल्या, चार केल्या. चौथी कुणासाठी? (शिंक.) तुझं इथं कोण येणार आहे? तू इथं माझ्या कागदावर आहेस. मी एक पत्र लिहिलं की तू विमानात. पोरगी इथंच राहील, ती इथली नागरिक आहे, तू कोण आहेस? सांग, कोण आहेस? (उत्तर दिले नाही.) माझा बाप आईला काय करायचा, ते अजून तू बघितलं नाहीस. (पाणी मागितले. दिले.)"

अकरा वह्या. तीन वर्षं. सगळीकडे तो. त्याची शिवी, त्याची शिंक, त्याचं घसा खाकरणं, मध्येच आलेला फोन आणि फोनवरचा त्याचा गोड आवाज, तोही शब्दशः. तिचं स्वतःचं वाक्य एक नाही. विशेषण एक नाही. मी आयुष्यभर माणसांच्या बोलण्यावर मीठमसाला टाकून पोट भरलं. या वह्यांत टाकायला मला चिमूटभर जागा सापडली नाही.

एक खूण मात्र मला वाचता येईना. बारीक वर्तुळ आणि आत ठिपका. कुठल्याही पुस्तकात नसलेली. ती पहिल्या वहीत दोनदा होती, अकराव्या वहीत जवळजवळ प्रत्येक पानावर. खूण झाली की पुढची दोनतीन अक्षरं खोडरबराने पुसून पुन्हा लिहिलेली असायची, कारण रेघ जाड उमटली होती आणि जाड रेघेने अक्षर बदलतं.

"बाबा, जेवून घ्या," केतकी म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून पानाकडे पाहू लागली. "हे काय आहे?"

"माहीत नाही."

"खरंच माहीत नाही?"

"भाषांतरात अंदाज लिहायचा नसतो," मी म्हणालो. आणि प्रत्येक ठिकाणी टंकलं: 'न वाचता आलेली खूण'.

*

शुक्रवारी कोर्टात गुरुनाथ बिराजदारला मी पहिल्यांदा पाहिलं. मी कुणा राक्षसाची तयारी ठेवली होती. हा आपला नीट भांग पाडलेला, निळ्या कोटातला मनुष्य. माझ्यासाठी त्याने दार उघडून धरलं आणि "या काका" म्हणाला. गिरिजा खालच्या मजल्यावर कोर्टाच्या पाळणाघरात खेळत होती. शैलजा ओडेलबाईंच्या शेजारी बसली होती, खुर्चीच्या कडेवर. टेबलावर एक फोन होता आणि फोनात टेक्सासमधली एक मराठी दुभाषी होती, कोर्टाने नेमलेली. न्यायाधीश वयस्कर होते, त्यांना सर्दी झाली होती.

गुरुनाथने इंग्रजीत छान साक्ष दिली. बायकोला घरची आठवण येते, ती निराश असते, तो समजून घेतो. स्वतःच्या आईचा उल्लेख करताना त्याचा आवाज हलला. मग मला बोलावलं. भाषांतर मीच केलं, शब्दशः केलं, असं मी शपथेवर सांगितलं.

त्याचे वकील मिस्टर लँगली उठले. "तुमचा व्यवसाय, सर?"

"निवृत्त विनोदी लेखक."

"म्हणजे तुम्ही गोष्टी रचता."

"आता रचत नाही. पेन्शनीत आहे."

दोनचार माणसं हसली. मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणं किती महाग पडणार होतं, हे लँगलीसाहेबांनी पुढच्या वाक्यात सांगितलं.

"न्यायमूर्ती महाराज, हा पुरावा म्हणजे अकरा वह्यांतल्या रेघोट्या आहेत. त्या अर्जदार सोडून या राज्यात एकच मनुष्य वाचू शकतो. आणि तो मनुष्य लोकांना हसवण्यासाठी संवाद रचत आला आहे. चाळीस वर्षं."

ओडेलबाईंनी क्षणभर डोळे मिटले. न्यायाधीशांनी नाक पुसलं आणि माझ्या टंकलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, ताट पुढे आल्यावर भूक नसलेला माणूस पाहतो तसं. खाली ती पोर ठोकळे रचत होती, आणि मी वर बसून एका बऱ्या विनोदापायी तिला बापाच्या गाडीत बसवलं होतं.

"साहेब," ओडेलबाई उठल्या. "माझ्या अशिलाने हे भाषांतर पाहिलेलं नाही. वह्या जमा केल्यापासून तिची आणि मिस्टर मोहिलेंची आजपर्यंत भेट नाही. मिस्टर लँगलींनी कुठलीही वही उघडावी, कुठलंही पान. ती वाचेल. फोनवरच्या बाई इंग्रजी करतील. तुम्ही ताडून बघा."

लँगलीसाहेबांनी सातवी वही उचलली. मग ती ठेवून नववी उचलली. मधलं एक पान उघडून तिच्यापुढे सरकवलं.

शैलजाने वही हातात धरली. तोवर तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. आता जो आवाज निघाला तो मी मंत्रालयात अकरा वर्षं ऐकला होता, स्वतःच्याच तोंडून. सपाट, स्वच्छ, कुणाचाही नसलेला. मजकूर परत वाचून दाखवायचा आवाज.

"तारीख नऊ फेब्रुवारी. वेळ सकाळी दहा वीस. ठिकाण बैठकीची खोली. उपस्थित तिघे. विषय, कपबशी." ती थांबली. फोनातल्या बाईंनी इंग्रजी केलं. न्यायाधीशांचं बोट माझ्या कागदावर पहिल्या ओळीखाली होतं. "कपबशी सिंकमध्ये ठेवू नकोस म्हणून मी तुला तीनदा सांगितलं. तीनदा. तुझ्या आईनं तुला..."

"दोनदा," मागून मराठीत आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. गुरुनाथ पुढे झुकून बसला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, चूक सापडल्याची नेहमीची त्रासिक छटा होती. "दोनदा म्हणालो होतो मी. तीनदा नाही. नीट वाच."

शैलजाने वहीवरून नजर वर केली नाही. "तीनदाच म्हणालात. पुढच्या ओळीत परत 'तीनदा' आहे."

"मी दोनदा म्हणालो!"

टेक्सासच्या बाई आपलं काम इमानाने करत होत्या. 'दोनदा म्हणालो होतो मी' हे फोनमधून इंग्रजीत सावकाश, स्पष्ट बाहेर पडलं आणि साऱ्या खोलीभर पसरलं. लँगलीसाहेबांनी अशिलाच्या बाहीवर हात ठेवला. जरा उशिराच ठेवला.

"तर मिस्टर बिराजदार," न्यायाधीश म्हणाले, "आकड्याबद्दल तुमचं म्हणणं वेगळं आहे. बाकीच्याबद्दल?"

गुरुनाथ लँगलीसाहेबांकडे बघू लागला.

"पुढे वाचा, मिसेस बिराजदार."

तिने वाचलं. आईबद्दल वाचलं, विमानाबद्दल वाचलं. न्यायाधीशांचं बोट ओळीओळीने खाली सरकत होतं, कुठेच अडत नव्हतं. "हात पुढे कर. पुढे कर म्हटलं ना. अडथळा. आता परत लिही, कपबशी..."

न्यायाधीशांचं बोट थांबलं. "इथे माझ्याकडे 'न वाचता आलेली खूण' असं लिहिलंय. तुम्ही काय वाचलंत?"

"अडथळा, साहेब." ती त्यांना शिकवू लागली, नव्या लघुलेखकाला शिकवावं तसं. "सभेचं कामकाज लिहिताना मध्ये व्यत्यय आला की तसं लिहितात. नाहीतर वाक्य तुटलेलं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, स्टेनोचं लक्ष नव्हतं."

"इथे कसला अडथळा आला?"

"मारलं की हात थांबतो, साहेब. परत लिहायला लागलं की तेवढी खूण करायची."

फोनातल्या बाईंनी इंग्रजी केलं, आणि शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज घसरला.

न्यायाधीशांनी माझा गठ्ठा पुढे ओढला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर. 'न वाचता आलेली खूण' प्रत्येक पानावर त्यांना भेटत होती. ते मोजत नव्हते. नुसते बघत होते.

"आणि त्यानंतरही तुम्ही लिहीत राहिलात?"

"वाक्य पुरं व्हायचं असायचं ना," शैलजा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहत होतो. उभ्या आयुष्यात मी मोठमोठ्या माणसांच्या पायाशी बसून आलो होतो, आणि बाहेर पडता पडता त्यांच्यावर एकेक विनोद करून आलो होतो. त्या दुपारी मला काही सुचलं नाही. आजतागायत सुचलेलं नाही.

न्यायाधीशांनी हुकूम कायम केला. गुरुनाथने तिच्याजवळ किंवा मुलीजवळ फिरकायचं नाही, मूल आईकडे. त्याच वह्यांच्या आधारे पुढे ओडेलबाईंनी तिच्या नावाने तिचा अर्ज केला. त्याला दोन वर्षं लागली, पण मंजूर झाला, आणि त्यावर फक्त तिची सही होती. ते सगळं पुढचं. त्या शुक्रवारी न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मिसेस बिराजदार, इतका वेळ आम्ही तुमच्या नवऱ्याचं बोलणं ऐकलं. तुम्हाला स्वतःला काही सांगायचं आहे?"

टेक्सासच्या बाईंनी प्रश्न मराठीत आणला. शैलजाने वही मिटली. ओडेलबाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. खुर्चीवरून उठली आणि पदर सावरला.

"पोरगी खाली आहे," ती म्हणाली. "मी तिला घेऊन जाते."

आणि निघाली. फोनातल्या बाईंचं इंग्रजी पूर्ण होईपर्यंत ती दाराशी पोचली होती, आणि तिला थांबवायचं कुणाच्याही मनात आलं नाही.